दक्षिण कोपऱ्यातली लिफ्ट

५ ऑक्टोबर, रविवार

दांडा गेला. जूनच्या वादळातच गेला असणार, पण आज उन्हाळी हंगामाच्या पहिल्या जीवरक्षक गस्तीला उभी राहिले तेव्हा कळलं. दक्षिण कोपऱ्यासमोर वाळूचा जो लांबलचक उंचवटा होता, ज्यावर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून आम्ही सगळे लहानाचे मोठे झालो, तो नाही. तिथे आता गडद हिरवं, गुळगुळीत पाणी. लाट फुटत नाही. पोस्टकार्डावर छापावं इतकं शांत — म्हणजे वाईट.

तविताने खात असलेल्या संत्र्याची साल खडकावरून फेकली. बसची वेळ झाल्यासारखी साल तडक निघाली. दोन मिनिटांत खडकाच्या टोकापलीकडे.

"घड्याळ लाव," मी म्हटलं.

"कशाला? पुढचा थांबा न्यूझीलंड," तविता म्हणाली. वीस वर्षं गस्तीवर आहे ती. तिला घड्याळ लागत नाही.

पोहण्याची सुरक्षित हद्द दाखवणारे झेंडे उत्तरेला लावले, जिथे दांडा शिल्लक आहे. ट्रेव्हर तीनशे पावलं चालत आला. आमच्या जीवरक्षक क्लबचा अध्यक्ष, शिवाय किनाऱ्यावरच्या एकमेव मासे-चिप्सच्या दुकानाचा मालक. समुद्राबद्दलची त्याची सगळी मतं तळून निघालेली असतात.

"ब्रॉन, झेंडे जरा दुकानासमोर घेता येतील का?"

"समुद्राला विचारून सांगते."

रुसला. चिप्स आणून दिले नाहीत. गेल्या वर्षी देत होता.

११ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी सहाला पोहणारी टोळी आजपासून पुन्हा पाण्यात. पाच जण, सरासरी वय चौऱ्याहत्तर. म्होरक्या अर्थात माझा बाप. मर्व्ह, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, क्लबचा आजीव सभासद. भिंतीवरच्या लाकडी फळ्यावर सोनेरी अक्षरांत नाव. तरुणपणी त्याने किती जणांना बाहेर काढलं याचा आकडा दर नाताळाला दोनाने वाढतो. तो वाढवत नाही, लोक वाढवतात.

त्यांची पद्धत मला पाळण्यापासून पाठ आहे. दक्षिण कोपऱ्यात खडकाला धरून उतरायचं. तिथल्या ओढीत अंग सोडून द्यायचं, ती फुकटात लाटांच्या मागे नेऊन सोडते. याला ते लिफ्ट म्हणतात. मग लाटांच्या मागून थोडं उत्तरेला पोहायचं आणि दांड्यावर फुटणाऱ्या लाटेबरोबर परत. लिफ्टने वर, जिन्याने खाली.

जिना जूनमध्ये वाहून गेला. लिफ्ट चालू आहे.

पंधरा मिनिटांचं पोहणं आज चाळीस मिनिटं चाललं. नोएला बाहेर आली तेव्हा ओठ निळे. ही टपाल कचेरीत तीस वर्षं होती, गावातल्या कुणालाही घाबरली नाही. वाळूवर बसली ती उठेना.

"आज भरती जरा आडमुठी होती," बाबा म्हणाला.

"भरती नाही बाबा, दांडा नाही."

"दांडे येतात, जातात. मी इथेच आहे."

हे वाक्य त्याच्या थडग्यावर कोरायला बरं आहे. त्याला तसं सांगितलंही. हसला.

१२ ऑक्टोबर, रविवार

पाहुणे बुडतात ते समुद्र माहीत नसतो म्हणून. गाववाले बुडतात ते गेल्या वर्षीचा समुद्र माहीत असतो म्हणून. हे कागदावर टाकलं तेव्हा फार हुशारीचं वाटलं. मग बाबाचा चेहरा आठवला. खोडलं नाही, पण.

१८ ऑक्टोबर, शनिवार

कोपऱ्याच्या पायवाटेवर फलक लावला. पिवळा, माझ्या खांद्याएवढा. 'धोका. जोरदार ओढ. येथे पोहू नये. झेंड्यांच्या मध्ये पोहा.' अक्षरं एवढी की विमानातून वाचता यावीत. खड्डा तविताने खणला. मी मार्गदर्शन केलं.

१९ ऑक्टोबर, रविवार

सकाळी सात. फलकावर बाबाचा टॉवेल वाळत घातलेला. 'धोका' हा शब्द संपूर्ण झाकलेला. खाली चपला, नीट जोडून.

तविता इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मी नाही हसले. आजीव सभासद, आणि आपल्याच क्लबच्या फलकाची ही किंमत. बाहेर आल्यावर विचारलं, "टॉवेल टाकायला दुसरी जागा मिळाली नाही?"

त्याने हाताने खांब चाचपला. मग म्हणाला, "खांब भक्कम आहे. कुणी रोवला?"

माझाच बाप. जीभ मला कुठून मिळाली ते कळतंच.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

साप्ताहिकातल्या माझ्या सदरात टोळीवर लिहिलं. नावं घेतली नाहीत. आमच्या गावात नाव न घेणं म्हणजे फोटो छापणं. 'काही ज्येष्ठ नागरिकांसाठी क्लबने समुद्रकिनारी टॉवेल वाळवण्याची विनामूल्य सोय केली आहे' अशी सुरुवात. शेवट: 'दांडा हरवला आहे. सापडल्यास आणून द्यावा. तोपर्यंत झेंड्यांमध्ये पोहावे, तिथे लाजेने कुणी मेल्याचे ऐकिवात नाही.'

बरं जमलंय.

२६ ऑक्टोबर, रविवार

बेकरीबाहेर टोळीची कॉफी. मी गेल्यावर सगळे गप्प झाले, म्हणजे सगळ्यांनी वाचलं होतं.

"वाचलंस का?" बाबाला विचारलं.

"नोएलाने वाचून दाखवलं. तिचा आवाज चांगला आहे. तुझ्यापेक्षा गोड."

"मग? पटलं?"

"विनोद छान होते."

नोएला मात्र माझ्यामागून दारापर्यंत आली. हळूच म्हणाली, "पोरी, त्या दिवशी मी घाबरले होते. पण एकटी कशी सांगू? मर्व्ह उतरतो म्हणून आम्ही उतरतो. तुम्ही झेंडे लवकर लावाल का? आमच्यासाठी म्हणून नाही. सहजच लावलेत असं दाखवा."

गस्त नऊला सुरू होते. टोळी सहाला. तविताला विचारलं. ती म्हणाली, "शनिवार-रविवार मी येते सहाला. नवरा घोरतो, मी जागीच असते."

१ नोव्हेंबर, शनिवार

सहा वाजता झेंडे. सहज लावल्यासारखे.

टोळी वाळूवर उभी राहिली. एकमेकांकडे बघणं, टोप्या ओढणं, कान झटकणं — पाण्याबाहेर माणसं किती कामं काढतात. मग नोएला म्हणाली, "आज पाय दुखतोय, मी आपली इकडेच," आणि झेंड्यांकडे चालू लागली. तिच्यामागे एक, मग दोघे. सगळ्यांचेच पाय दुखत होते.

बाबा एकटा कोपऱ्यात गेला. खडकावरच्या साखळीला हात लावत लावत, सवयीने, अगदी टोकापर्यंत.

म्हणजे माझ्या हुशारीने काय झालं? आधी पाच जण एकत्र जात होते. आता एक जण एकटा जातो.

२ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा एकटा. बावीस मिनिटं. मी सगळा वेळ बचावाच्या फळीवर हात ठेवून उभी. त्याचं पोहणं अजून सुरेख आहे, हेही इथे लिहून ठेवते, कारण तोंडाने मी ते म्हणणार नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

बाबाच्या घरी जेवायला गेले. कोकरू मीच भाजून नेलं. गाडीची बॅटरी गेली म्हणून तो ऑगस्टपासून पायीच फिरतो. मी म्हटलं, नवी आणते. म्हणाला, चालणं मानवतंय.

मी सरळ विचारलं, "झेंड्यांत काय वाईट आहे?"

"गर्दी असते."

"सकाळी सहाला? चार म्हातारे आणि एक बगळा."

"मला खडक बरा वाटतो, ब्रॉन. डाव्या हाताला तो असला की आपण कुठे आहोत ते कळतं. लाट त्याच्यावर आपटते, आवाज येतो. उघड्यावर सगळीकडून सारखाच आवाज."

"आवाजावर पोहायला तू काय वटवाघूळ आहेस? परत येताना त्रास होतो ना? खरं सांग."

बराच वेळ कोकराचा तुकडा ताटात फिरवत होता. "होतो. पहिल्यासारखं होत नाही. पण मी भांडत नाही तिच्याशी. ओढीशी भांडलं की मेलो. ती सोडेपर्यंत जायचं, मग आडवं पोहायचं, मग बाहेर. तूच शिकवतेस ना पोरांना?"

"पोरांना हेही शिकवते की आधी दहा मिनिटं किनाऱ्यावर उभं राहून पाणी बघा. कुठे फुटतंय, कुठे नाही. आणि कळत नसेल तर उतरू नका."

भांडी घासायला उठला. मी पुसली. माझ्या हातून एक बशी फुटली, ती त्याने स्वतःच्या नावावर घेतली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

वारा. किनारा बंद. सुट्टी. पाऊण दिवस झोपले.

२३ नोव्हेंबर, रविवार

पाहुण्यांची सुरुवात. त्यांच्या गाड्या-तंबूंचं कॅराव्हॅन पार्क अर्धं भरलं. आज चार जणांना कोपऱ्यातून हाकललं. चौघांचं उत्तर एकच: "पण ते आजोबा पोहताहेत की."

तेच तर. फलकाचं कोण ऐकतो? पांढऱ्या केसांचा माणूस शांतपणे पाण्यात शिरताना दिसला की संपलं. शंभर फलकांपेक्षा तो मोठा फलक, आणि त्यावर लिहिलंय 'या, या.'

बाबाला फोन करून हेच सांगितलं. म्हणाला, "हा विचार मी केला नव्हता." मला वाटलं, जिंकले. पुढे म्हणाला, "मी साडेपाचला जाईन. तेव्हा पाहुणे झोपलेले असतात."

२९ नोव्हेंबर, शनिवार

आज जे झालं ते क्रमाने लिहिते, कारण उद्या क्लबच्या नोंदवहीत लिहायचं आहे आणि तिथे विशेषणं चालत नाहीत.

पावणेसहाला आम्ही झेंडे घेऊन खाली उतरलो. बाबा आधीच पाण्यात. त्याच्यामागून एक बाई खडकाजवळ उतरताना तविताला दिसली. शिट्टी वाजवली, हात केले. वारा उलटा. बाईला ओढीने उचललं. ती किनाऱ्याकडे तोंड करून जीव खाऊन हात मारायला लागली — सगळे तेच करतात — आणि तरी मागे मागेच जात राहिली. मी फळी घेऊन पळाले.

मी लाटांमध्ये होते तेव्हाचं तविताने दुर्बिणीतून पाहिलं. बाई खूप लांब गेली होती. तिने हात वर केला. सरळ, उंच, हलवत. मदत मागायला आम्ही सगळ्या जगाला शिकवतो तसा. बाबा लाटांच्या मागून उत्तरेला पोहत येत होता. तिच्यापासून दहा हातांवर आला. श्वास घ्यायला मान वळवली, ती तिच्याच बाजूला. आणि पुढे पोहत गेला.

मी पोचले तेव्हा बाई दोनदा खाली जाऊन आली होती. फळीवर ओढली. उलटी केली माझ्या मांडीवर. ठीक आहे. ठीक आहे ती. जूडिथ नाव, पश्चिमेकडच्या गव्हाच्या गावची, जिथली नदीसुद्धा वर्षातले सहा महिने रजेवर असते. रुग्णवाहिकेत बसताना माझा हात सोडेना. "मी हाका मारल्या त्यांना," म्हणत होती. "शेवटी शेवटी आवाजच फुटेना, म्हणून हात केला. त्यांनी बघितलं माझ्याकडे. मग गेले."

बाबा दहा मिनिटांनी बाहेर आला. रुग्णवाहिका गेली होती.

"गडबड कसली आहे?" त्याने विचारलं.

मी उत्तर दिलं नाही. तविताने दिलं. त्याचा चेहरा पांढरा झाला. वाळूवर बसला, टॉवेल शोधत हात फिरवत राहिला. मी उचलून दिला नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

सगळ्या गावाला कळलं. मर्व्हने बुडणाऱ्या बाईचा हात बघितला आणि पोहत पुढे गेला.

नोएलाने दुपारी फोन केला. "कॉफीला आलाच नाही गं तो."

"बरं झालं," म्हटलं.

४ डिसेंबर, गुरुवार

त्याच्याशी बोलले नाही. पाच दिवस. आमच्या घरातला विक्रम आहे; आई असती तर केक केला असता.

त्याने फोन केला होता. उचलला नाही.

७ डिसेंबर, रविवार

समितीची सभा. ट्रेव्हरने टाय लावला होता. तळणीचा वास तसाच.

"मर्व्ह, कुणी तुझ्यावर आरोप करत नाही," ट्रेव्हर म्हणाला, म्हणजे आरोप सुरू झाला. "ती बाई म्हणते तू तिच्याकडे बघितलंस. तविता म्हणते तू मान वळवलीस. आम्हाला फक्त तुझ्या तोंडून ऐकायचं आहे."

बाबा उभा राहिला. इस्त्रीचा सदरा, एक बटण चुकलेलं.

"लक्ष नव्हतं," म्हणाला.

"दहा हातांवर?"

"लक्ष नव्हतं. ती वाचली हे ब्रॉनमुळे. माझ्यामुळे मेली असती. फळ्यावरचं नाव काढायचं असेल तर काढा."

एवढंच. बसला. मी वाट बघत होते — वय, थकवा, डोळ्यांवर ऊन, काहीही म्हण. माणसं पार्किंगच्या दंडासाठी याहून बरी कारणं देतात. एक शब्द नाही.

नाव काढण्याचं पुढच्या सभेवर ढकललं. बाहेर तविता मला म्हणाली, "दुर्बिणीतून मला जे दिसलं तेवढं मी सांगितलं, ब्रॉन. तो असा माणूस आहे असं नाही सांगितलं."

"मग कसा माणूस आहे?"

"ते तू विचार त्याला. मी का विचारू? बाप तुझा आहे."

१० डिसेंबर, बुधवार

सदर लिहिलं. यावेळी नाव घालून. दोन तासांत उतरलं, एक शब्द खोडावा लागला नाही. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं. वाचताना माझ्याच अंगावर काटा आला. सोमवारी सकाळी द्यायचं आहे.

१२ डिसेंबर, शुक्रवार

नोएला दुकानात भेटली. म्हणाली, "तो रोज पहाटे कोपऱ्यात जातो. आठवडा झाला. मी खिडकीतून बघते."

अजून! एवढं होऊनही. मी पाव घ्यायला गेले होते, न घेताच परत आले.

रविवारी गस्तीआधी तिथेच जाणार. वाटेत उभी राहणार. एक शब्द बोलणार नाही. त्यानेच बोलू दे आधी.

१४ डिसेंबर, रविवार

साडेपाचलाच झेंडे लावले आणि कोपऱ्यात गेले. बाबा पायवाटेच्या तोंडाशी, फलकाजवळ उभा. लांब पँट, बूट. पोहायचे कपडे नाहीत, टॉवेल नाही. मी चार हातांवर जाऊन थांबले. गप्प. आयुष्यात पहिल्यांदा त्याला भेटून आधी बोलले नाही.

त्याने माझ्या दिशेला मान वळवली आणि हसला. अनोळखी माणसाकडे बघून हसतात तसा.

"गुड मॉर्निंग," म्हणाला. "पाहुण्या का तुम्ही? इथे नका उतरू, बाई. पाणी शांत वाटतं, पण ओढ फार आहे. परवाच एक जण जाता जाता वाचली. तिकडे उत्तरेला कुठेतरी झेंडे लावलेले असतील, त्यांच्या मध्ये पोहा."

मी गणवेशात होते. लाल टोपी, पिवळा सदरा, नुकतं वर आलेलं ऊन पाठीमागून नव्हे — समोरून, सगळं माझ्या तोंडावर. आणि चार हातांवरून बाबाला मी कोण ते दिसत नव्हतं; दहा हातांवरचा तो हात त्याला दिसलाच नव्हता.